सुनेच्या खोलीतला आवाज

ही हकीकत सांगायला मी आजवर तीनदा बसलो आणि तिन्ही वेळा भलतंच काही बोलून उठलो. पहिल्यांदा बहिणीसमोर, तेव्हा आंब्याच्या मोहराबद्दल बोललो. दुसऱ्यांदा गुरवासमोर, तेव्हा माझ्या गुडघ्याबद्दल. तिसऱ्या वेळेचं शेवटी येईल. आता वय झालं, एका बैठकीत पान भरत नाही, आणि जिच्यासाठी गप्प राहिलो असं मी स्वतःला समजावत आलो ती माझी बायकोही उरलेली नाही. तेव्हा लिहून टाकतो.

आमच्या गावात माझ्या सुनेचा विषय निघाला की आजही लोक म्हणतात, "ती मां? तिच्या अंगात येत होता." म्हणणाऱ्यांतल्या काहींनी तिला पाहिलेलंही नाही. तिच्या अंगात कधीच काही आलं नाही. ती गाणी म्हणत होती. आणि हे मला त्याच वेळी ठाऊक होतं.

मी हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि भजनी मंडळात पेटी वाजवायचो. मुलगा एकच. लहानपणी त्याला मी पखवाजावर बसवला. हात बरा होता, मन नव्हतं. पुढे तो आयटीआय करून जहाजावर इंजिन रूममध्ये लागला. नऊ महिने पाण्यावर, तीन महिने घरी. घरी असला की दुपारी पडवीतल्या बाकावर कानांवर हेडफोन चढवून डोळे मिटून पडायचा. छातीवर एक चपटं गोल यंत्र, त्यात सीडी फिरायची. बाहेर काही ऐकू येत नसे. मी येता-जाता टोमणा मारायचो.

"इंजिनाच्या आवाजान कान गेले काय रे? बुचां लावन पडलंस तो?"

"बाबा, एकदा आयका तरी."

"कोण गाता?"

"एक बाई. तिकडची. तिच्या गावाक थंडीत सूर्य धड उगवना नाय म्हणतत."

"मगे रडतली नाय तर काय करतली!"

तो हसला आणि हेडफोन काढून त्याने माझ्यापुढे धरले. मी घेतले नाहीत. भजनाला उशीर होतोय म्हणालो. त्या दिवशी भजन नव्हतं.

सून आरोंद्याची. खाडीकाठचं घर, बाप होडीवर. पदवीपर्यंत शिकलेली, बोलायला कमी. लग्नानंतरच्या पहिल्या गौरीला बायका फुगड्या घालताना तिने गाणं धरलं, तेव्हा मी पडवीत होतो. चढी पट्टी, आणि एकदाही सूर खाली आला नाही. मी मनात म्हटलं, ही मुलगी पेटीशेजारी बसायला हवी. तिला मात्र ते कधी बोललो नाही. सुनेच्या गळ्याचं कौतुक सासऱ्याने करायची आमच्याकडे रीत नव्हती.

लग्नाला दोन वर्षं झाली होती. दोन हजार तीनचा तो सुमार. जहाज कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून फोन आला. पलीकडचा माणूस शुद्ध मराठीत बोलत होता, आणि त्या शुद्ध मराठीमुळे मला आधी कळलंच नाही की तो माझ्या मुलाबद्दल बोलतोय. डेकवरून पाण्यात पडला. शोध घेतला. मिळाला नाही.

देह मिळाला नाही तर दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी देतात. तसा दिला. गवताला जळायला वेळ लागत नाही. आम्ही घरी परतलो तेव्हा चुलीवरचं पाणीसुद्धा तापलं नव्हतं. बायको म्हणाली, "तां गवत होता. माझो झील न्हय." त्या दिवसापासून तिने मासे सोडले. "तो ज्या पाण्यात आसा, तेतूरला मी काय खावचंय नाय." ज्या बाईला सुंगटांशिवाय, म्हणजे कोळंबीशिवाय, घास उतरत नसे, तिच्या दारातून मासेवाली हाक न मारता पुढे जाऊ लागली. मग भातही सुटला. सकाळी वाटीभर पेज, ती अर्धी. चार महिन्यांत तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

त्याच सुमाराला कंपनीकडून मुलाची बॅग आली. कपडे, दाढीचं सामान, ते गोल यंत्र, हेडफोन आणि दोन सीड्या. सीड्या विकतच्या नव्हत्या, कुणाकडून तरी उतरवून घेतलेल्या. वर त्याच्या बारीक अक्षरात मार्करने गाणाऱ्यांचं नाव. सुनेने बॅग उघडली आणि कपड्यांना हात न लावता त्या दोन सीड्या बाहेर काढल्या.

"बाबानू, ह्यांनी ही कधी माका आयकवलीच नाय. घराक इल्यार दुसरी लावायचे. हिंदी. माका आवडतत म्हणान."

मी म्हणालो, "ठेव तुझ्याकडे."

पेन्सिल सेल आणून मीच दिले. हेही मी विसरत नाही.

ती दुपारी जेवणखाण आवरून आपल्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. पहिले काही दिवस आवाज नव्हता. मग गुणगुण ऐकू यायला लागली. मग शब्द, पण कुठल्या भाषेचे ते कळू नये असे, कारण ती कानाला जसं पडेल तसं म्हणत होती. लांब, उतरता सूर. वर जायचा, तिथे थांबायचा आणि पायऱ्या उतरून यावं तसा खाली यायचा. आणि एक दिवस तो दुसरा आवाज आला.

तो बाईचा आवाज नव्हता. घशाच्या तळातून, खरखरीत, रेडा हुंकारतो तसा. ओळभर तो आवाज, मग पुन्हा तिचा सूर, मग पुन्हा तो आवाज. मी पडवीत पेटीच्या भात्याला ठिगळ लावत होतो. हातातली खळ सांडली. उठून गेलो. दार बोटभर उघडं होतं.

ती मुलाच्या पेटाऱ्यावर बसली होती. कानांवर हेडफोन, मांडीवर वही, हातात पेन. डोळे अर्धवट मिटलेले. तिने हनुवटी छातीला टेकवली आणि त्या खरखरीत आवाजात एक ओळ म्हटली. मग मान वर करून स्वतःच्या आवाजात पुढची. वहीत काही ओळी निळ्या शाईत होत्या, काही तांबड्या. मास्तर माणूस मी, मला लगेच कळलं. गाणं दोघांचं होतं, एक बाई आणि एक पुरुष. पुरुषाच्या ओळी तांबड्या. त्या म्हणायला घरात कोणी नव्हतं, म्हणून त्याही ती म्हणत होती.

मी दार लोटलं आणि परत आलो. मला बरं वाटलं नाही, पण भीतीही वाटली नाही. ज्याला कळलेलं असतं त्याला भीती वाटत नाही.

बाकीच्यांना हेडफोन दिसत नव्हते. भिंतीपलीकडून ऐकणाऱ्याला फक्त एवढंच कळत होतं की, तरण्या विधवेच्या खोलीत दुपारी कुणी बाप्या माणूस बोलतो, आणि मग ती त्याला परकी भाषा बोलत रडते. शेजारीण कुंपणाशी येऊन म्हणाली, "मास्तरानू, रागावा नको, पण दुपारचो तुमच्या घरात घो कोणाचो बोलता वो?"

मी काहीतरी उडवाउडवी केली. पण बायकोने ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी ती सुनेच्या दाराशी जाऊन बसली, भिंतीला कान लावून. आवाज आला तसा तिने माझा हात धरला. तिच्या हातात एवढा जोर उरला असेल असं मला वाटलं नव्हतं.

"आयकलात? तो इलोसा."

"अगो..."

"गप रवा. माका माझ्या झिलाचो आवाज वळखूक येना नाय काय?"

तो त्याचा आवाज नव्हता. कुणा परदेशी माणसाचाही तो खरा आवाज नव्हता. पण बायको उठली, मागीलदारी गेली आणि तिने चार महिन्यांत पहिल्यांदा मासेवालीला स्वतः हाक मारली. बांगड्याचं तिखलं केलं, त्रिफळं घालून, त्याला आवडायचं तसं. पान वाढून सुनेच्या उंबऱ्यावर ठेवलं, हात जोडले आणि मागे सरली.

सुनेने दार उघडलं. पान बघून तिचे डोळे भरले. थोडा रस्सा सोडून सगळं जेवली. संध्याकाळी पाण्याला जाताना मला म्हणाली, "बाबानू, आज आईंनी माका आपणहून वाढल्यानी." तिला वाटलं सासूचं मन वळलं. मी तेव्हा तिला सांगायला हवं होतं की ते पान तुझं नाही. नाही सांगितलं. कारण तिच्या पानात राहिलेला रस्सा बायकोने भातावर घेतला होता आणि ती जेवली होती. पोटभर जेवली. मी समोर बसून तिचे घास बघत होतो.

असे वीसेक दिवस गेले. बायकोच्या गालांवर रंग आला. सून गात राहिली. रोज उंबऱ्यावर पान येत राहिलं. आणि मी दोघींच्या मधे बसून भात्याला ठिगळं लावत राहिलो.

गाव मात्र गप्प बसणारं नव्हतं. मानकऱ्यांपैकी दोघे आले, चहा घेतला, पावसापाण्याचं बोलले आणि उठता उठता थोरल्याने मूळ मुद्दा काढला.

"मास्तरानू, मेलेलो माणूस घरात धरून ठेवचो नसता. आज तुमच्या सुनेच्या अंगात, उद्या आणखी कोणाच्या. देवाक इचारया. कौल घेवया."

नाही म्हणणं शक्य होतं. "अहो, पोरगी गाणी म्हणते," एवढंच म्हणायचं होतं. स्वयंपाकघराच्या दारात बायको उभी होती. तिच्या हातात भाकरीचं पीठ होतं. मी म्हणालो, "घेवया."

कौल म्हणजे काय ते इकडच्यांना सांगायला नको, पण बाहेरचा कोणी वाचेल म्हणून सांगतो. गुरव देवाच्या मूर्तीला दोन्ही अंगांना ओल्या फुलांचे कळे चिकटवतो. ज्याचा प्रश्न असेल तो घरचा कर्ता माणूस प्रश्न सांगतो, गुरव गाऱ्हाणं घालून तो देवापुढे मांडतो, आणि उजवा कळा पडला तर एक उत्तर, डावा पडला तर दुसरं. देव प्रश्न बदलत नाही. विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतो.

आम्ही तिघं देवळात गेलो. सून खांबाशी उभी राहिली. तिला इथे आल्यावरच सगळं कळलं होतं, लोकांच्या बोलण्यावरून. तोंड पांढरंफटक झालं होतं. ती माझ्याजवळ सरकली आणि माझ्याशिवाय कोणाला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाली, "बाबानू, तुमी त्या दिसा दारातसून बघलात मां? माका म्हायत आसा. तुमची सावली वहीर पडलेली. सांगा तेंका."

गुरवाने विचारलं, "मास्तरानू, काय गाऱ्हाणा घालू?"

मी बायकोकडे पाहिलं. ती देवाकडे बघत होती, लहान मूल जत्रेत खेळण्याकडे बघतं तशी. मला वाटलं, कौल मुलाला ठेवून घेण्याचा लागेल. देव आईचं ऐकेल. मुलगा घरात राहील, सून घरात राहील, बायको जेवत राहील, आणि मला कोणाला काही सांगावं लागणार नाही. असा हिशेब करून मी म्हणालो, "झील घरात येता. तेका ठेवचो, की वाट दाखवची?"

तो येतो का, हे मी विचारलंच नाही.

गुरवाने गाऱ्हाणं घातलं. दर ओळीला मंडळी म्हणत होती, "व्हय म्हाराजा." मीही म्हणालो. भजनात सवय झालेला मोठा, मोकळा आवाज माझा. सगळ्यांच्या वर गेला. सुनेने माझ्याकडे पाहिलं आणि मग पुन्हा पाहिलं नाही.

वाट दाखवा, असा कौल लागला.

पुढचं मानकऱ्यांनी ठरवलं. ज्याच्या अंगात येतं त्याच्यासकट ते गावाच्या शिवेबाहेर न्यायचं आणि त्या माणसाने वरसभर शीव ओलांडायची नाही. मंगळवारी शिवेवरच्या व्हाळापाशी, ओढ्याकाठी, नारळ फोडला, कोंबडा दिला. व्हाळाच्या पलीकडे तिचा भाऊ रिक्षा घेऊन उभा होता. एका हातात मुलाची बॅग घेऊन ती पाण्यातून पलीकडे गेली. मागे वळून बघायचं नाही असं तिला बजावलं होतं. तिने ते पाळलं.

घरी आलो. संध्याकाळी भजनाला जायचं म्हणून पेटी उघडली. पट्ट्यांवर एक सीडी ठेवलेली होती.

मला ती कुणी ठेवली आणि का ठेवली हे विचारावं लागलं नाही. मी पेटीच्या खोक्याच्या तळाशी वर्तमानपत्राखाली ती सरकवली आणि वर पेटी ठेवली. त्यानंतर जितकी भजनं वाजवली तितकी त्या सीडीवरच वाजवली.

बायकोने त्याच दिवशी पुन्हा मासे सोडले. मुलगा दुसऱ्यांदा गेला होता, आणि या वेळी वाट बापाने दाखवली होती. ती मला तसं एकदाच म्हणाली. पुन्हा म्हणाली नाही, पण ते पुरलं. वर्ष सरलं. सुनेला आणायला जायचं काम माझं होतं. मी गेलो नाही. तिचीही हाक आली नाही. दोन हजार आठच्या आसपास बायको गेली. शेवटच्या दिवसांत डॉक्टर म्हणाले, माशाचा रस्सा तरी द्या. तिने तोंड फिरवलं.

तेरावं झाल्यावर पाहुणे पांगले. एका दुपारी मी पेटी बाहेर काढली, वर्तमानपत्र उचललं आणि सीडी टीव्हीखालच्या यंत्रात घातली. मुलानेच आणलेलं ते यंत्र.

आधी गिटारांचा आवाज आला. ट्रॉलरचं इंजिन थंडीत सुरू होताना गुरगुरतं तसा, जाड, खालचा, घराच्या वाशांत शिरणारा. मी बंद करणार होतो. मग त्याच्यावर त्या परदेशी बाईचा आवाज आला. उंच, शांत, अजिबात घाई नसलेला. खाली एवढा गोंगाट चाललेला, पण ती ओरडत नव्हती. वादळात एखादी बाई बंदरावर कंदील घेऊन नुसती उभी राहावी तशी. शब्द अर्धेमुर्धे कळले. पाणी होतं, थंडी होती, कोणीतरी परत येणार नव्हतं. मग तो पुरुषाचा खरखरीत आवाज आला आणि मी सुनेचा खाली झुकलेला चेहरा पाहिला.

दुसऱ्या दिवशी पेटी पुढ्यात घेऊन बसलो. सूर शोधायला फार वेळ लागला नाही. गांधार, धैवत, निषाद कोमल, बाकी शुद्ध. आसावरीचा थाट. चाळीस वर्षं मी ज्या सुरांवर अभंग वाजवले, तेच. माझा मुलगा बोटीच्या पोटात, इंजिनाशेजारी, माझेच सूर ऐकत होता आणि पडवीत हेडफोन पुढे करून मला तेच सांगत होता.

तालुक्याला एक सायबर कॅफे होता. चालवणारी मुलगी माझी जुनी विद्यार्थिनी. सीडीवरचं नाव चिठ्ठीवर उतरवून नेलं. तिने ते वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"सर, ह्यां तुमी आयकतास?"

"आयकतंय. काय म्हणतत हेका?"

"मेटल. पण ह्यां जरा रडक्या जातीचा." मग जीभ चावून म्हणाली, "म्हणजे उदास, सर. माका आवडता."

तिने पडद्यावर त्यांचा फोटो दाखवला. काळ्या कपड्यांतले पाच लांबकेशी पुरुष आणि मधे एक साधीशी बाई, आमच्या शाळेत हिशेब बघायला शोभेल अशी. नाव मला नीट उच्चारता येत नाही, म्हणून लिहीत नाही. मी त्यांची आणखी तीन गाणी तिथे बसून ऐकली. हेडफोन लावून. आयुष्यात पहिल्यांदा. कानांवर ते चढले की बाहेरचं जग खरंच बंद होतं. आपण किती मोठ्याने म्हणतोय ते आपल्याला कळत नाही. सुनेला कळलं नव्हतं.

दोन हजार दहाच्या उन्हाळ्याआधी मी आरोंद्याला गेलो. सकाळची एसटी धरली, पिशवीत सीडी. वाटेत एक वाक्य तयार केलं आणि ते मनातल्या मनात घोळवत राहिलो, नवीन अभंग पाठ करावा तसं. खाडीला भरती होती. ती अंगणात सुकी मासळी उलटत होती. मला बघून उठली, हात धुतले, तांब्याभर पाणी आणलं.

"आई बऱ्या आसत?"

"गेली. दोन वर्सां झाली."

तिने पदराने बाकावरची धूळ पुसली. मी बसलो, पिशवीतून सीडी काढून दिली.

"ही रवलेली."

तिने ती हातात फिरवली. मुलाच्या अक्षरावरून बोट नेलं. "आयकलात?"

"आयकलंय."

ती थांबली. मासळीवर कावळे उतरले, तरी ती उठली नाही. माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांत मला कोणी इतका वेळ दिला नव्हता. मी तोंड उघडलं.

"आसावरीत बसता तां," मी म्हणालो. "पेटीर वाजवन बघलंय."

"होय काय," ती म्हणाली. आणखी थोडी थांबली. मग उठून कावळ्यांना हाकललं. "जेवन जावा."

एसटी चुकेल म्हणालो. दीड तास होता एसटीला. तो मी स्टँडवर बसून काढला.

पुढे ती भावासोबत गोव्याकडे गेल्याचं कळलं. कुठे, ते कोणी सांगू शकत नाही. ती सापडली असती तरी मी काय केलं असतं, याची मला खात्री नाही. पण गावाने हे वाचावं आणि तिचं नाव घेताना ते अंगात येण्याचं पुन्हा बोलू नये. आणि एसटीत पाठ केलेलं वाक्य अजून पाठ आहे. ते असं होतं:

बाय, तुझ्या कानार ती बुचां मी बघलेली, वही बघलेली, तू गाणी म्हणत होतंस तां माका म्हायत होता, आणि देवळात माका इचारल्यानी तेव्हा मी सांगूक नाय, माका माफ कर.